देवळाचा ताळेबंद

मी बी.कॉम. आहे, तोही दुसऱ्या वर्गातला. वास्तुकलेशी माझा आजवरचा संबंध गृहकर्जाच्या फायलीपुरता. नकाशा मंजूर आहे का, शिक्का खरा आहे का आणि सहीखाली तारीख आहे का, एवढंच मी बघतो. नकाशातली इमारत दिसायला बरी आहे का, असा रकाना आमच्या अर्जात नाही. त्यामुळे दिल्लीच्या अक्षरधाम मंदिराच्या बांधणीवर मी टीकालेख लिहितोय हे ऐकून सौ. म्हणाली, "टीका? देवळावर? अहो, स्वयंपाकघरातला नळ तीन आठवडे गळतोय, त्याच्यावर आधी काहीतरी लिहा."

नळाचं पाहीन मी. पण टीका करायला माझ्याजवळ एक गुण नक्की आहे. मी मोजतो. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली की माणसाची बोटं स्वतःहून चालायला लागतात. जिना चढताना मी पायऱ्या मोजतो, लग्नात पंगतीतली पानं मोजतो, आणि एकदा कीर्तनाला गेलो तेव्हा बुवा किती वेळा 'तात्पर्य काय' म्हणाले तेही मोजून आलो. (सतरा वेळा. तात्पर्य मात्र आठवत नाही.) आणि वाचकहो, मोजणाऱ्या माणसासाठी अक्षरधामासारखं देऊळ दुसरं नाही.

झालं असं की आमची एल.एफ.सी. बुडायला आली होती. ज्यांच्या घरात कुणी बँकेत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एल.एफ.सी. म्हणजे बँकेनं दिलेलं प्रवासभाडं. ते मुदतीत वापरलं नाही तर बुडतं, आणि बुडणारी रक्कम बघत बसणं हे आमच्या धंद्यात पाप समजतात. काश्मीर की केरळ यावर घरात दोन पक्ष पडले होते. तेवढ्यात आई म्हणाली, "मला दिल्लीचं ते मोठं देऊळ दाखव. समोरच्या काकू बघून आल्यात. रोज सांगतात." आई चौऱ्याहत्तर वर्षांची. गुडघ्यांनी संप पुकारलेला. तिनं काही मागितलं असं गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. ठराव बिनविरोध मंजूर झाला.

इथं एक खुलासा करायला हवा. आम्ही अंबरनाथकर, आणि अंबरनाथकराला देवळाच्या बाबतीत थोडा माज असतो. लोकलमध्ये आम्हाला उभं राहायला जागा नसेल, पण गावात शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं शिवमंदिर आहे. शिलाहारांच्या काळातलं, काळ्या दगडाचं. माझं बालपण त्या देवळात गेलं. वडील कारखान्यात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी मला तिथं घेऊन जायचे. बाहेरच्या भिंतींवर इतक्या मूर्ती, की बोट ठेवायला सपाट जागा मिळू नये. मी मूर्ती मोजायला लागलो की वडील म्हणायचे, "नक्षीला भुलू नकोस. आधी जोड बघ. दोन दगड एकमेकांवर कसे बसलेत ते बघ." फिटरचा देवही बहुधा जोडातच राहत असावा.

त्या देवळात मंडपातून गाभाऱ्याकडे जायचं तर खाली उतरावं लागतं. वीसेक पायऱ्या. वडील पुढे, मी मध्ये, आई मागे. खाली छोटीशी, अंधारी, ओलसर खोली. वर शिखराचं टोक नाही, त्यामुळे मान वर केली की चौकोनभर आकाश. बस. त्या खोलीत मोजण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लहानपणी मला तिथं कंटाळा यायचा. आई मात्र तिथून लवकर निघायची नाही.

एवढी शिदोरी घेऊन आम्ही दिल्लीला उतरलो.

अक्षरधामला मेट्रोनं जाता येतं, स्थानकाचं नावच अक्षरधाम आहे. प्रवेशाला पैसे नाहीत, आतल्या प्रदर्शनांना तिकीट आहे. फोन, कॅमेरा, पिशव्या सगळं बाहेर ठेवायचं. २००२ साली गांधीनगरच्या अक्षरधामावर दहशतवाद्यांनी हल्ला केला होता, माणसं मारली होती. ते आठवलं की तपासणीच्या रांगेत उभं राहायला जिवावर येत नाही. आमची कन्या अकरावीत आहे. फोन जमा करताना तिचा चेहरा सासरी निघाल्यासारखा झाला. म्हणाली, "बाबा, फोटोच नाही, तर आपण इथं आलो होतो याला पुरावा काय?" आईसाठी ठेव भरून चाकांची खुर्ची मिळाली. ठेव परत मिळणारी होती. संस्थेबद्दल माझं मत तिथंच चांगलं झालं.

आता आकडे. हे मी मोजलेले नाहीत, संस्थेनंच दिलेले आहेत. मंदिर ६ नोव्हेंबर २००५ ला खुलं झालं, बांधायला पाचेक वर्षं लागली. उंची १४१ फूट, रुंदी ३१६, लांबी ३५६. कोरीव खांब २३४. घुमट ९. मूर्ती २० हजार. सभोवार दुमजली परिक्रमा, तिला खांब ११५२ आणि खिडक्या १४५. मंदिराला वेढणाऱ्या सरोवरात १५१ नद्या-तळ्यांचं पाणी. शिरताना मयूरद्वार लागतं, त्यावर मोर ८६९. हा शेवटचा आकडा वाचून मी थबकलो. ८७० का नाहीत? बँकेत असा आकडा दिसला की कुठंतरी एक व्हाउचर राहिलंय असं समजतात.

पण मयूरद्वार ओलांडून समोर ते गुलाबी मंदिर आलं आणि माझी बोटं थांबली. खरं सांगायचं तर तोंडही उघडं राहिलं. हिवाळ्यातलं धुरकट ऊन होतं, आणि त्या उन्हात राजस्थानी वालुकाश्म असा दिसत होता, जणू आतून कुणी मंद दिवा लावलाय. मी आधी वडिलांचं काम केलं. जवळ जाऊन जोड बघितला. नखही आत शिरेना. या मंदिराच्या बांधणीत लोखंडी सळई नाही, दगडावर दगड ठेवून भार जमिनीत उतरवलाय. आपल्या हेमाडपंती देवळांचं गणित तेच आहे. दगड राजस्थानातल्या कार्यशाळांत घडवले, मग दिल्लीला आणून जागच्या जागी बसवले. ही विद्या गुजरात-राजस्थानच्या सोमपुरा स्थपतींकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. १९५१ साली प्रतिष्ठा झालेलं सोमनाथचं नवं मंदिर प्रभाशंकर सोमपुरांनी रचलं, ते याच परंपरेतले. आमच्या भाषेत याला 'मागील शिल्लक पुढे ओढणे' म्हणतात. मागची शिल्लक चुकली तर पुढचं सगळं खातं चुकतं. इथं चुकलेली नाही. ज्या काळात घरातल्या छतापासून लग्नातल्या मंडपापर्यंत सगळी नक्षी साच्यातून निघते, त्या काळात हजारो हातांना छिन्नी धरायला लावणं ही साधी गोष्ट नाही. आमच्या बँकेत आता हातानं होणारं काम म्हणजे फक्त सही, आणि तीही बऱ्याच जणांची जुळत नाही.

तेव्हा बाहेरून पैकीच्या पैकी गुण. वडील असते तर म्हणाले असते, "काम चोख आहे." ही त्यांची सर्वोच्च पदवी. तिच्यावर त्यांच्याकडे काही नव्हतं.

आत गेलो आणि माझा ट्रायल बॅलन्स जुळेना.

आत पांढराशुभ्र संगमरवर. इटलीतल्या काराराचा. प्रत्येक खांब तळापासून टोकापर्यंत कोरलेला, प्रत्येक छत कोरलेलं, घुमटात वर्तुळात वर्तुळ, आणि सगळीकडे लख्ख उजेड. मधोमध स्वामिनारायणांची अकरा फुटी मूर्ती सोन्यासारखी झळाळणारी. भोवतीनं सीता-राम, राधा-कृष्ण, लक्ष्मी-नारायण, शिव-पार्वती. एक ठिपका रिकामा नाही. मी मान वर करून बघत राहिलो, इतका की मानेत उसण भरायची वेळ आली. सौ. कुजबुजली, "किती केलंय हो!" शेजारचे गुजराती गृहस्थ त्यांच्या सौ.ला तेच म्हणत असावेत. उद्गाराचा सूर भाषा बदलली तरी ओळखू येतो.

तिथंच मला अंबरनाथच्या त्या वीस पायऱ्या आठवल्या, आणि लहानपणीचा कंटाळा पहिल्यांदा कळला. जुनं देऊळ हे वजाबाकीचं गणित आहे. बाहेर लढाया, अप्सरा, हत्ती-घोडे, सगळा संसार. मंडपात आलात की त्यातला बराचसा वजा. उजेड कमी, नक्षी कमी, जागा कमी. गाभाऱ्याच्या दारात माणसंही कमी होतात, कारण आत मावतातच चार. शेवटी उघड्या भिंती, एक दिवा आणि एक दगड उरतो. हिशेब करता करता बाकी एक राहते. पायऱ्या उतरताना पडू नये म्हणून मान आपोआप खाली जाते. नम्र व्हा अशी पाटी लावावी लागत नाही, गवंड्यानंच तशी सोय केलेली असते.

अक्षरधाम हे बेरजेचं देऊळ आहे. आत जावं तसं वाढत जातं. उजेड वाढतो, नक्षी वाढते, दगड महाग होतो, मान वर वर जाते. सगळं मोठं केलंय, फक्त एक गोष्ट मोठी करता येत नाही ती राहून गेली, ती म्हणजे सगळ्यात लहान खोली. माझी टीका म्हणायची तर एवढीच. पण देवळाच्या नकाशात ती खोली म्हणजे तिजोरी. बँक कितीही सजवा, शेवटी लोक तिजोरीच्या भरवशावर येतात.

आईनं हात जोडले. बराच वेळ जोडले. मग म्हणाली, "आता तुम्ही जरा टेका. देवळातून न बसता जाऊ नये." ती स्वतः खुर्चीतच होती, प्रश्न आमचा होता. मी इकडेतिकडे पाहिलं. गर्दी संथपणे पुढे सरकत होती, ओळीत, शिस्तीत. स्वयंसेवक इतके नम्र की त्यांच्यापुढे उगाच थांबून राहायची लाज वाटावी. आम्हीही सरकलो. आई काही बोलली नाही.

नंतर प्रदर्शनं. मोराच्या आकाराच्या नावेत बसवून दहा हजार वर्षांची भारतीय संस्कृती दाखवतात. नावेचा प्रवास पंधरा मिनिटांचा धरला, तर मिनिटाला साडेसहाशेच्या वर वर्षं पडतात. म्हणजे ज्ञानेश्वरीपासून आजपर्यंत यायला एक मिनिट आणि वर थोडी सेकंदं. शिवराज्याभिषेकापासून आपण अर्ध्या मिनिटावर. मला शाळेत इतिहास असा शिकवला असता तर पहिला वर्ग चुकला नसता. पण खोटं कशाला बोला, कन्या ती नाव संपल्यावर म्हणाली, "बाबा, परत बसू या?" फोन नसल्यामुळे ती चक्क बघत होती. तिला मी इतका वेळ सलग काही बघताना पाहिलं नव्हतं. फोन बाहेर ठेवून घेणं ही त्या वास्तूतली सगळ्यात चांगली रचना आहे, असं माझं बाप म्हणून मत आहे.

मग भूक लागली. तिथलं उपाहारगृह अजिंठा-वेरूळच्या लेण्यांच्या धर्तीवर सजवलेलं आहे. मराठी माणसाचं काय होईल विचार करा. खरं वेरूळ आपल्याकडे, आणि मी दिल्लीत त्याच्या नकलेत बसून कांदा-लसूण नसलेली पावभाजी खातोय. वेरूळला मी एकदाच गेलो होतो, शाळेच्या सहलीबरोबर. तिथलं कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं मानतात. डोंगर वरून खाली कोरत आणला, आधी शिखर आणि मग पाया. त्या देवळाच्या जोत्याला हत्ती आहेत, आख्खं देऊळ पाठीवर घेतल्यासारखे. अक्षरधामातही जोत्याला हत्ती आहेत. इथल्या कुंडाच्या पायऱ्यांत १०८ छोटी देवळं आहेत. मोढेऱ्याच्या सूर्यकुंडाची आठवण त्यावरून होते. म्हणजे एकाच आवारात सगळा भारत उताऱ्यांनी भरलेला. पाहुण्यांना एका दिवसात सगळं दाखवायचं तर दुसरा इलाजही नाही. पण उतारे फार झाले की लिहिणाऱ्याचं स्वतःचं वाक्य कोणतं ते शोधावं लागतं.

आदल्या दिवशी आम्ही दिल्लीतलं बिर्ला मंदिर, म्हणजे लक्ष्मीनारायण मंदिर पाहिलं होतं. ते १९३९ चं. श्रीशचंद्र चॅटर्जी हे त्याचे वास्तुरचनाकार. शिखरं जुन्या वळणाची, पण अंगावर नक्षीचा इतका भार नाही. अक्षरधामच्या तुलनेत ते आमच्या शाखेच्या इमारतीइतकं साधं वाटेल. त्याचं उद्घाटन गांधीजींनी केलं, ते या अटीवर की सर्व जातींच्या माणसांना आत प्रवेश हवा. त्या मंदिरातली खरी नवी गोष्ट शिखरात नव्हती, दारात होती. हे मला पावभाजी खाताना सुचलं आणि वाटलं, आता जमलं. नवं देऊळ म्हणजे नवं काय, हा प्रश्न विचारायचा आणि लेख संपवायचा. टीकाकार झाल्याचा आनंद मला साधारण अर्धी पावभाजी टिकला.

कारण मग मी हत्ती मोजायला गेलो.

मंदिराच्या जोत्याला गजेंद्रपीठ म्हणतात. पुऱ्या आकाराचे हत्ती, एकूण १४८. कुठं हत्ती जंगलात आहेत, कुठं माणसांबरोबर, कुठं देवांबरोबर. पीठ मंदिराला पूर्ण वळसा घालतं. बाकीचे आकडे पडताळायची माझी ताकद नव्हती, वीस हजार मूर्ती मोजायला मला दुसरी एल.एफ.सी. लागली असती. पण १४८ म्हणजे हातातला खेळ. आईची खुर्ची ढकलत मी मोजायला सुरुवात केली. पूर्ण फेरी झाली. आकडा आला १४३.

पाच हत्ती कमी!

बँकेच्या माणसाला हे सांगायला नको. कॅश जुळल्याशिवाय घरी जायचं नसतं. मी म्हटलं, परत एक फेरी मारतो. सौ. म्हणाली, "अहो, कॅश बंद करा आता. पाच हत्ती काय मी पदरात लपवलेत?" कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या कोपऱ्यात मोजलंच नाहीत. आजी थांबली होती ना, तिथं."

मला आठवलं. फेरीच्या मध्यावर आईनं खुर्ची थांबवायला सांगितली होती. समोर हत्तींचा एक कळप होता, त्यात एक पिल्लू. आई हात पुढे करून त्या पिल्लाकडे बघत राहिली. दिवसभरात तिची मान पहिल्यांदाच सरळ होती. ना वर, ना खाली. हत्ती तिच्या डोळ्यांच्या पातळीवर होते. ती म्हणाली, "एवढं वजन अंगावर आहे, पण एकाचाही चेहरा कष्टी नाही रे. तुझे वडील असेच." मग काही बोलली नाही. मीही नाही. तिथं आम्ही किती वेळ होतो कुणास ठाऊक. आणि तेवढ्या वेळात माझी बोटं चालायची थांबली होती.

तेव्हा नोंद करतो. अक्षरधामातला सर्वांत उत्तम भाग म्हणजे ते जोतं. मंदिर तुम्हाला चकित करायला बघतं, जोतं तुमच्याबरोबर चालतं. शिखराकडे बघून माणूस 'अबब' म्हणतो, हत्तीकडे बघून त्याला आपलं कुणीतरी आठवतं. वरच्या मजल्यावर मला जी लहान खोली सापडली नव्हती, ती आईला खाली उघड्यावर, त्या पिल्लासमोर, चाकांच्या खुर्चीत बसल्या बसल्या सापडली. नकाशात ती नसेल. पण 'न बसता जाऊ नये' हा तिचा नेम त्या देवळात पाळला गेला.

संध्याकाळी कुंडावर पाण्याचा आणि प्रकाशाचा खेळ असतो. कुंड ३०० फूट बाय ३०० फूट, पायऱ्या २८७०, समोर बालयोगी नीलकंठांची २७ फुटी मूर्ती. खेळाची गोष्ट केनोपनिषदातली. देवांना गर्व होतो. त्यांच्यासमोर गवताची एक काडी ठेवली जाते. अग्नीला ती जाळता येत नाही, वायूला हलवता येत नाही. ही गोष्ट ज्वाळा, कारंजी आणि रंगीत किरणांच्या साहाय्यानं सांगतात. मी मनात म्हटलं, बघा, एका काडीची गोष्ट सांगायला केवढं हे! टीकेला शेवटचं वाक्य आयतं मिळालं म्हणून मी खुशीत आईकडे वळलो. ती टक लावून बघत होती. म्हणाली, "ही गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती. आमच्या वेळी बायकांना उपनिषदं कोण सांगणार?" माझं वाक्य मी परत खिशात ठेवलं.

निघताना खुर्ची परत केली, ठेव मिळाली. मोजून घेतली.

घरी आल्यावर पहिल्याच सोमवारी आई म्हणाली, "आपल्या देवळात जाऊ या." रिक्षा केली. मंडपापर्यंत ती माझ्या हाताला धरून आली. पुढे त्या वीस पायऱ्या. आई वरच थांबली. तिच्या गुडघ्यांना आता त्या उतरता येत नाहीत. एवढी वर्षं ज्या खोलीतून ती लवकर निघत नव्हती, तिथं आता तिला जाता येत नाही. वजाबाकीच्या देवळानं वजा करता करता शेवटी आईलाच वजा केलं होतं. अकराव्या शतकातल्या त्या थोर स्थपतीनं दगडाचा भार मोजला, उजेड मोजला, सगळं मोजलं. चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे मोजायचे राहिले. दिल्लीच्या ज्या देवळावर मी दिवसभर मनात शेरे मारत होतो, त्यानं ते मोजले होते. दाराशीच खुर्ची ठेवली होती.

माझा ताळेबंद तेव्हापासून जुळलेला नाही. एका बाजूला ती खोली, दुसऱ्या बाजूला ती खुर्ची. उद्या कुणी नवं देऊळ बांधायला काढलं आणि त्याच्या कर्जाची फाईल माझ्या टेबलावर आली, तर शिक्का आणि तारीख बघून झाल्यावर मी विचारणार आहे, "यात लहान खोली कुठं आहे? आणि तिथपर्यंत खुर्ची जाते का?" रकाना नसला तरी विचारणार आहे.

त्या दिवशी आई मंडपात खांबाला टेकून बसली आणि मला म्हणाली, "तू जाऊन ये. माझाही नमस्कार सांग." मी एकटाच उतरलो. खाली थोडा वेळ उभा राहिलो आणि वर आलो.

"काय दिसलं?" आईनं विचारलं.

"काही नाही. अंधार होता. वर आकाश दिसत होतं थोडं."

"मग बरोबर आहे," आई म्हणाली. "सगळं जागच्या जागी आहे."

पायऱ्या किती होत्या, ते मोजायचं मी विसरलो.